सेंटवरचा अस्सल दुहेरी ठसा कसा ओळखावा : नवोदित संग्राहकांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत येऊन नाणी जमवू लागलेल्या माणसाच्या हाती कधी ना कधी असा एखादा सेंट येतोच, ज्याच्या सालाचे आकडे भिंगाखाली दोन-दोन दिसतात, आणि मग त्या रात्री झोप लागत नाही. माझ्याही हाती तो आला होता. बँकेतून आणलेल्या रोलमध्ये, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या चळतीत, १९६९ सालचा, ‘एस’ या टांकसाळचिन्हाचा सेंट निघाला. सालाच्या आकड्यांना आणि खालच्या ‘एस’ला स्पष्ट पायरी दिसत होती, आणि त्याच सालाच्या अस्सल दुहेरी नाण्यांना हजारो डॉलर मिळतात एवढे मी वाचलेले होते. मी ते नाणे प्रमाणपत्र देणाऱ्या एका संस्थेकडे पाठवले, तपासणीचे, विम्याचे आणि टपालाचे पैसे भरले, आणि काही आठवड्यांनी ते परत आले तेव्हा शेऱ्यात ‘मशीन डबलिंग’ (यंत्राच्या धक्क्याने आलेला फसवा दुहेरीपणा) एवढेच दोन शब्द होते. निर्णय अचूक होता. नाण्यावर उत्तर उघड दिसत होते. ते कुठे पाहायचे हे मला ठाऊक नव्हते.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहे. उदाहरणे मुद्दाम लिंकन सेंटचीच, म्हणजे पुढील बाजूवर अब्राहम लिंकनचे चित्र असलेल्या सेंटचीच, घेतली आहेत, कारण दुहेरी ठशांचा सर्वांत बारकाईने अभ्यास याच नाण्याचा झालेला आहे, आणि शिकण्यासाठी त्याहून स्वस्त नाणे नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये चलनासाठी सेंट पाडणे बंद झाले असले, तरी आधी पाडलेले सेंट चलनात वैध आहेत.

१. आधी टांकसाळीत काय घडते ते नीट समजून घ्या

या पायरीला वेळ द्या, कारण पुढच्या सगळ्या कसोट्या हिच्यातूनच निघतात.

नाणे ज्या पोलादी ठशाने पाडले जाते त्याला डाय म्हणतात. डायवरचे चित्र खोलगट असते, म्हणून नाण्यावर ते उठावदार उमटते. ही डाय तयार करण्यासाठी तिच्यावर हब नावाचा उठावदार पोलादी ठसा प्रचंड दाबाने दाबतात. जुन्या पद्धतीत एका दाबात चित्र पुरेसे खोल उमटत नसे, आणि दाबामुळे पोलाद कडक होत असे. त्यामुळे डाय भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायची आणि त्याच हबखाली दुसऱ्यांदा ठेवायची, असा क्रम होता. या दुसऱ्या वेळी डाय जागेवर तंतोतंत बसली नाही, केसभर फिरली किंवा सरकली, तर पहिल्या चित्राशेजारी दुसरे चित्र खोदले जाई. अशा डायने जितकी नाणी पाडली जातील, त्या प्रत्येकावर तोच दुहेरीपणा, त्याच जागी, त्याच दिशेने उमटणार. हाच ‘डबल्ड डाय’. त्यात नाणे एकदाच पाडलेले असते. दुहेरी झालेली असते ती डाय.

आपल्याकडच्या मोदकाच्या साच्यावरून हे चटकन कळेल. साच्यातल्या पाकळ्या कारागिराच्या हातून दोनदा कोरल्या गेल्या असतील, तर त्या साच्यातून निघणारा प्रत्येक मोदक दुहेरी पाकळ्यांचाच निघेल. साचा चांगला असेल, पण मोदक काढताना साचा हलला, तर तेवढ्या एका मोदकाची पाकळी चेपून फरफटलेली दिसेल. पहिला प्रकार डबल्ड डायचा, दुसरा यंत्राच्या धक्क्याचा. आणि मोदक ताटात पडल्यावर कुणाचे बोट लागून दबला, तर ती झीज आणि इजा.

यातून एक नियम हाती येतो. डायमधून आलेली गोष्ट नाण्यावर धातूची भर घालते, तर धक्का, झीज आणि इजा या तिन्ही गोष्टी असलेला धातू दाबतात, खरवडतात किंवा ढकलतात. म्हणून संशयास्पद अक्षर समोर आले, की पहिला प्रश्न ‘दोन दिसतात का’ हा नसून ‘इथे धातू वाढला आहे की दबला आहे’ हा असला पाहिजे.

२. साधने आणि कागद जमवा

फार खर्च नाही, पण पुढील वस्तूंशिवाय बसू नका.

– दहापट मोठे दाखवणारे, तीन काचांचे चांगले भिंग. चाळीसपट किंवा शंभरपटीच्या मागे सुरुवातीला लागू नका. तिथे प्रत्येक ओरखडा खजिना वाटतो. महत्त्वाचे दुहेरी ठसे दहापटीत दिसतातच.
– मान वळवता येईल असा एक टेबलदिवा.
– ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक असणारा छोटा डिजिटल काटा.
– मऊ कापड किंवा फेल्टचा तुकडा, ज्यावर नाणे हातातून निसटले तरी आपटणार नाही.
– पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची पाकिटे किंवा पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर. पीव्हीसीची मऊ पाकिटे काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर आणतात.
– एक वही. साल, चिन्ह, कुठे दुहेरीपणा, कोणत्या दिशेला, वजन आणि कुठून मिळाले, हे प्रत्येक नाण्यासाठी त्याच दिवशी लिहा.

नाणे प्रमाणपत्रासाठी पाठवायचे ठरले, तर संस्थेतले खाते, भरलेला अर्ज, जाहीर केलेली किंमत, दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे आणि नाणे विकत घेतले असेल तर पावती, एवढे कागद लागतील.

३. नाण्याला काही करू नका

नाणे फक्त कडेने धरा, बोट सपाट भागावर येऊ देऊ नका. आपल्या घरात तांब्याची भांडी चिंचेने घासून लखलखीत करण्याची सवय असते, आणि काळवंडलेला सेंट पाहिला की हात शिवशिवतात. पण चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, टूथपेस्ट, खोडरबर यांपैकी काहीही लावू नका. तांब्यावर नैसर्गिकपणे चढलेला रंग हा नाण्याच्या मोलाचा भाग असतो, आणि घासलेले नाणे जाणकाराला लांबूनही ओळखू येते. शिवाय घासण्याने नेमक्या त्याच अक्षरांच्या कडा गोल होतात, ज्यांच्यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. एका ओळखीच्या काकूंनी अतिशय प्रेमाने माझी नाण्यांची वाटी धुऊन ठेवली होती. त्यातले एकही नाणे मी पुन्हा खात्रीने तपासू शकलो नाही.

४. वजन, साल आणि टांकसाळचिन्ह नोंदवा

लिंकन सेंटचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर असतो. १९८२ च्या आधीच्या नेहमीच्या कांस्य किंवा पितळी सेंटचे वजन ३.११ ग्रॅम असते. १९८२ मध्ये बदल होऊन आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असे नाणे आले, त्याचे वजन २.५ ग्रॅम. १९८२ सालातच दोन्ही प्रकार पाडले गेले. काटा ठेवण्याचे कारण हेच, की वजनात मोठी तफावत निघाली तर अक्षरांचा विचार करण्याआधी नाण्याच्या खरेपणाचाच विचार करावा लागतो.

सालाच्या खाली ‘डी’ असेल तर नाणे डेन्व्हरचे, ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचे. फिलाडेल्फियाच्या सेंटवर चिन्ह नसते. २०१७ चे ‘पी’ तेवढे अपवाद. हे चिन्ह सहाव्या पायरीत फार मोलाचे ठरणार आहे.

५. दुहेरीपणाची जात ओळखा

आता नाणे दिव्याखाली धरा आणि भिंग डोळ्याजवळ ठेवून नाणे सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. प्रकाश एकाच बाजूने आला तर सपाट कडेची सावलीसुद्धा दुसऱ्या अक्षरासारखी दिसते; फेरा पूर्ण केल्याशिवाय काहीही ठरवू नका.

अस्सल दुहेरी ठशात चार गोष्टी दिसतात. एक, अक्षर त्याच नाण्याच्या साध्या प्रतीपेक्षा रुंद असते, कारण मूळ अक्षर पूर्ण शाबूत असते आणि शेजारी दुसऱ्याची भर पडलेली असते. दोन, दोन्ही प्रतिमांना स्वतःचा गोलसर उंचवटा असतो, आणि नाणे फिरवताना दोन्हींवर उजेड वेगवेगळा सरकतो. तीन, अक्षराच्या टोकांच्या कोपऱ्यात खाच दिसते. ‘लिबर्टी’च्या ‘एल’चे टोक किंवा ‘टी’ची आडवी भुजा पाहा; अस्सल दुहेरी ठशात ते टोक कोतवाल पक्ष्याच्या शेपटीसारखे दुभंगलेले असते. चार, ठसा ठळक असेल तर दोन प्रतिमांच्या मधून बारीक पन्हळ गेलेली दिसते.

यंत्राच्या धक्क्याने आलेला दुहेरीपणा, म्हणजेच मशीन डबलिंग, वेगळा दिसतो. नाणे पाडले जाते त्या क्षणी डाय सैल असेल, तर ती मागे सरताना किंचित हलते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराच्या कडेला घासून तिथला धातू खाली चेपते. परिणामी अक्षराला कडेला सपाट, बुटकी पायरी येते. ती पायरी अक्षराच्या मूळ रुंदीतूनच कापलेली असते, म्हणून मूळ अक्षर बारीक झालेले दिसते. पायरीवर गोलाई नसते, खाच नसते, आणि नाणे फिरवताना ती सबंध पायरी आरशाच्या तुकड्यासारखी एकदम चमकते आणि एकदम विझते. ही चमक एकदा डोळ्यात बसली की पुढे चूक होणे कठीण.

माझा तो १९६९ चा सेंट आजही माझ्याजवळ आहे. त्यातला ‘९’ घ्या. भिंगाखाली पाहिले तर त्याच्या शेपटीची वरची कड धारदार आहे, पण शेपटीची जाडी निम्मी उरली आहे, आणि उरलेली निम्मी जागा खाली चकचकीत पट्टी होऊन बसली आहे. पट्टी आणि शेपटी मिळून जेवढी रुंदी होते, ती त्याच सालाच्या साध्या सेंटमधल्या ‘९’एवढीच भरते. म्हणून तुलनेसाठी त्याच सालाचे एक साधे, फार न झिजलेले नाणे नेहमी शेजारी ठेवा. जागा तेवढीच भरली तर धक्का; जागा वाढली तर पुढे तपासा.

हा धक्क्याचा प्रकार अतिशय सर्रास आढळतो, विशेषतः १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सॅन फ्रान्सिस्कोला पाडलेल्या सेंटवर. त्याला संग्राहकांच्या बाजारात वेगळी किंमत जवळजवळ नसते. ‘दुर्मीळ चूक’ म्हणून विकायला ठेवलेल्या नाण्यांमध्येही हा फार मोठ्या संख्येने असतो.

६. टांकसाळचिन्हाची कसोटी लावा

ही कसोटी मला सर्वांत प्रिय आहे, कारण ती मताची नाही, क्रमाची आहे. जुन्या पद्धतीत टांकसाळचिन्ह हबवर नसे. डाय पूर्ण तयार झाल्यावर ‘एस’ किंवा ‘डी’ वेगळ्या छोट्या ठोक्याने हाताने उमटवले जाई. म्हणजे हबच्या दोन दाबांमुळे साल, ‘लिबर्टी’ आणि ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ दुहेरी झाले, तरी नंतर आलेले चिन्ह त्या कारणाने दुहेरी होऊच शकत नाही.

म्हणून १९६९ च्या अस्सल दुहेरी ‘एस’ सेंटवर साल आणि अक्षरे ठळकपणे दुहेरी असतात, आणि ‘एस’ मात्र एकच, स्वच्छ. सालाबरोबर ‘एस’लाही त्याच दिशेने पायरी आली असेल, तर डाय नाण्यावर हललेली आहे, आणि तिने समोर येईल ते सगळे घासले आहे. माझ्या नाण्याचे उत्तर हेच होते. अस्सल प्रत किती मोलाची असते ते सांगायचे तर, २००७ मध्ये रोलमधून सापडलेले असे एक नाणे पुढच्या वर्षी लिलावात १,२६,५०० डॉलरना गेले.

या कसोटीच्या तीन मर्यादा पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, चिन्ह नसलेल्या फिलाडेल्फियाच्या नाण्यांना ती लावता येत नाही. दुसरी, चिन्हाचा हातठोका कधीकधी दोनदा पडलेला असतो. तेव्हा चिन्हच तेवढे दुहेरी दिसते, त्याच्या दोन्ही प्रतिमा गोलसर असतात, आणि तो स्वतंत्र, संग्राह्य प्रकार आहे. तिसरी, १९९० पासून सेंटचे चिन्ह मूळ डायवरच, म्हणजे जिच्यावरून पुढचे हब बनतात तिच्यावरच, येऊ लागले, आणि संग्राहकांसाठीच्या प्रूफ नाण्यांवर ते १९८५ पासूनच तसे आहे. त्यामुळे त्या पुढच्या नाण्यांवर ‘चिन्हही दुहेरी आहे, म्हणजे धक्का’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

७. थकलेल्या डायचा दुहेरीपणा वेगळा काढा

एका डायने लाखो नाणी पाडली जातात. प्रत्येक ठोक्याला धातू डायवरून बाहेरच्या दिशेने सरकतो, आणि हळूहळू डायमधल्या अक्षरांच्या कडा खचतात. अशा डायच्या नाण्यावर अक्षरे सुजल्यासारखी दिसतात, भोवती धूसर छाया असते, आणि सपाट भागावर कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असतो. इथे धातू वाढलेला असतो, म्हणून पहिला नियम एकटा लावला तर फसगत होते. पण या वाढीला आकार नसतो. दुसरे अक्षर वाचता येत नाही, खाच नसते, कड स्वच्छ नसते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९५५ सालच्या सेंटवर आहे; याच सालाचा अस्सल डबल्ड डायही प्रसिद्ध आहे, तो नवव्या पायरीत येईल. शेवटच्या ‘५’शेजारी फिकट सावली असलेले हे सेंट इंग्रजीत ‘पुअर मॅन्स डबल्ड डाय’ या नावाने विकले जातात. नावात डबल्ड डाय असले, तरी ती थकलेल्या डायची सावली आहे. हे जाणून दोन-चार डॉलरना घेतले तर हरकत नाही. खऱ्या १९५५ च्या भावाने कुणी देऊ केले तर घेऊ नका.

८. झीज, इजा आणि मुलाम्याचे फसवे खेळ

चलनातली झीज सर्वांत उंच भागापासून सुरू होते : लिंकनच्या गालाचे हाड, जबडा, कानावरचे केस. झिजलेल्या अक्षरांचा माथा सपाट होतो आणि पाया रुंद वाटतो, म्हणून नवख्या डोळ्यांना तिथे दोन थर भासतात. पण झीज सगळ्या बाजूंनी सारखी आणि मऊ असते, तिला दिशा नसते. अस्सल दुहेरी ठशाला दिशा असते, आणि शेजारच्या अक्षरांवरही ती सुसंगतपणे दिसते.

इजेच्या बाबतीत नियम असा : खाली गेलेली रेषा नाण्यावर पडलेली आहे, वर आलेली रेषा डायमधून आलेली आहे. डायवर ओरखडा पडला तर तो नाण्यावर बारीक उठावाच्या रूपात येतो. नाण्यावर ओरखडा पडला तर तो चर असतो, आणि त्याच्या काठाला ढकललेला धातू साचलेला असतो. नाणी मोजणाऱ्या यंत्रांची अर्धवर्तुळाकार घासण, रस्त्यावर गाडीखाली चिरडल्याच्या खुणा, पक्कडीत किंवा शिकंज्यात दाबल्याचे डाग, हे सगळे या नियमाने वेगळे काढता येतात. दोन नाणी एकमेकांवर ठेवून मुद्दाम दाबलेली असतील, तर नाण्यावर जादाची अक्षरे दिसतात खरी, पण ती उलटी आणि खोलगट असतात. कपडे वाळवण्याच्या यंत्रात महिनोन्‌महिने अडकलेल्या नाण्याची कड आत दुमडून जाड होते आणि काठाजवळची अक्षरे आतल्या बाजूला ढकलल्यासारखी दिसतात; इकडच्या रोलमध्ये अशी नाणी पुष्कळ येतात.

१९८२ नंतरच्या जस्ताच्या सेंटवर आणखी एक फसवणूक आहे. अक्षराच्या कडेला तांब्याचा मुलामा ताणला जाऊन फाटतो आणि आतले राखाडी जस्त रेषेसारखे डोकावते, किंवा मुलाम्याखाली फोड येऊन अक्षराशेजारी फुगवटा दिसतो. अक्षराच्या कडेने चांदीसारखी किंवा काळसर रेषा दिसली तर ती फाटलेल्या मुलाम्याची समजावी. दुहेरी ठशातल्या दुसऱ्या प्रतिमेचा रंग पहिलीसारखाच असतो.

एवढे झाल्यावर आणखी एक गल्लत टाळा. एकच नाणे डायखाली दोनदा सापडले, तर ते ‘डबल स्ट्राइक’ असते. तिथे पहिले चित्र दुसऱ्या ठोक्याने चिरडलेले असते आणि बहुधा नाण्याचा आकारही बिघडतो. तोही संग्राह्य प्रकार आहे, पण दर वेळी वेगळा असतो. दुसरे नाणे हुबेहूब तसे मिळत नाही.

९. ज्ञात डायशी ताडून पाहा

डबल्ड डाय ही त्या एका डायची ओळख असल्यामुळे, तुमचे नाणे खरे असेल तर त्याची भावंडे कुठेतरी नोंदलेली असण्याचा संभव मोठा असतो. अमेरिकेतील कोनेका ही चुका आणि प्रकारांच्या संग्राहकांची संघटना, तसेच पीसीजीएस, एनजीसी, एएनएसीएस या प्रमाणन संस्था अशा डायना क्रमांक देतात किंवा दिलेले क्रमांक वापरतात, आणि त्यांची छायाचित्रे पाहायला मिळतात. ताडताना ‘साधारण तसेच दिसते’ यावर समाधान मानू नका. दिशा, अंतर आणि इतर बारीक खुणा तिन्ही जुळल्या पाहिजेत.

सुरुवातीला पुढील पाच सेंट पक्के डोळ्यात बसवा.

१९५५, फिलाडेल्फिया. हा सर्वांचा मेरुमणी. दुसऱ्या दाबाच्या वेळी डाय मध्याभोवती किंचित फिरली होती. त्यामुळे काठाजवळची अक्षरे आणि साल नुसत्या डोळ्यांनी दोन दिसतात, तर मध्यावरच्या लिंकनच्या चेहऱ्यावर फरक फारसा जाणवत नाही. फिरण्याचे गणितच तसे आहे : मध्यापासून लांब जाल तसे अंतर वाढत जाते. टांकसाळीच्या लक्षात आले तोपर्यंत ही नाणी लाखो चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती, आणि सगळा ढीग वितळवण्याऐवजी ती जाऊ द्यायचे ठरले. सुमारे वीस ते चोवीस हजार बाहेर पडली असे मानले जाते, आणि त्यांतली बरीच सिगारेटच्या यंत्रातल्या पाकिटांना सुटे म्हणून चिकटवलेल्या पैशांतून लोकांच्या हाती आली. दुहेरीपणा फक्त पुढील बाजूला आहे. मागील बाजूवर ‘सेंट’ शब्दातल्या ‘टी’च्या डाव्या भुजेखाली, उभ्या दांड्याच्या डावीकडे, डायवरच्या ओरखड्यांमुळे आलेल्या बारीक उठावदार रेषा आहेत, खरेपणा तपासताना जाणकार आधी तिथे पाहतात.

१९७२, फिलाडेल्फिया. या सालाच्या अनेक डाय नोंदल्या आहेत. त्यांतली पहिली सर्वांत ठळक, आणि तिच्या मागील बाजूवर ‘युनायटेड’च्या ‘डी’च्या वरच्या बाजूला, काठाजवळ, डायला पडलेल्या खाचेची छोटी खूण आहे. बाकीच्या डाय बऱ्याच फिकट आहेत, त्यामुळे ‘१९७२ चा डबल्ड डाय’ एवढ्यावर किंमत ठरत नाही.

१९८३. इथे दुहेरीपणा मागील बाजूला आहे; ‘वन सेंट’पासून वरच्या अक्षरांपर्यंत सगळे ठळक दुहेरी. फक्त पुढची बाजू पाहून नाणी बाजूला टाकणाऱ्यांच्या हातून हा निसटतो.

१९८४. कानाच्या पाळीखाली दुसरी पाळी.

१९९५, फिलाडेल्फिया. ‘लिबर्टी’ आणि ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ स्पष्ट दुहेरी. रोलमधून स्वतः शोधून काढण्यासाठी हा सर्वांत योग्य आहे, कारण तो तुलनेने पुष्कळ निघतो, आणि अस्सल दुहेरीपणा हातात धरून पाहायला मिळाला की मशीन डबलिंगशी त्याचा फरक कायमचा कळतो. जमल्यास नाणे-मेळाव्यातून प्रमाणित १९९५ विकतच घ्या. माझे डोळे त्या एका नाण्याने तयार केले.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टांकसाळीने डाय एकाच दाबात तयार करण्याची पद्धत आणली. तरीही दुहेरी ठसे थांबले नाहीत. दाब सुरू होताना डाय किंचित तिरकी बसलेली असेल तर आधी मध्यभागावर एक हलकी प्रतिमा उमटते आणि मग डाय सरळ होते. म्हणून अलीकडच्या नाण्यांवर काठाची अक्षरे सोडून मध्यभाग पाहा. २००९ च्या सेंटवर ओंडक्यावर बसून वाचणाऱ्या तरुण लिंकनच्या हाताला जादाचे बोट दिसते, ते याच कारणाने.

१०. विकत घेताना आणि प्रमाणपत्रासाठी पाठवताना

१९५५ आणि १९७२ या दोन्हींच्या बनावट प्रती फिरत असतात. वजन आणि वर सांगितलेल्या डायच्या खुणा या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय प्रमाणपत्र नसलेले महाग नाणे घेऊ नका. विक्रेत्याने एकाच कोनातून काढलेले, एका बाजूने उजेड पडलेले छायाचित्र दिले असेल, तर दुसऱ्या कोनातले मागा. पायरीची चमक दुसऱ्या कोनात विझते आणि खरे रूप दिसते.

भारतातल्या नातेवाइकांकडून ‘या नाण्याला लाखो रुपये मिळतात’ असे संदेश येतात, आणि त्यात पुष्कळदा आधी ‘शुल्क’ किंवा ‘कर’ भरायला सांगितलेले असते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे इशारा दिला होता, की जुनी नाणी आणि नोटा यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेच्या नावाने पैसे मागितले जात आहेत, पण बँक असले व्यवहार करत नाही. तो त्यांना दाखवा.

प्रमाणपत्रासाठी पाठवण्याआधी हिशेब मांडा. तपासणी, विमा आणि दोन्हीकडचे टपाल मिळून होणारा खर्च त्या प्रकाराच्या चालू भावाहून अधिक असेल, तर नाणे घरीच ठेवा. फिकट दुहेरी ठशांच्या बाबतीत बहुतेक वेळा तसेच निघते. अर्ज भरताना ‘व्हरायटी अ‍ॅट्रिब्यूशन’ (नाण्याचा नेमका प्रकार ओळखून नोंदवणे) ही सेवा वेगळी निवडावी लागते का, आणि तिचे वेगळे पैसे पडतात का, ते आधी वाचून घ्या. ती न निवडल्यास नाण्याची श्रेणी आणि खरेपणा लिहून येतो, पण ज्यासाठी सगळा खटाटोप केला तो दुहेरी ठसा प्रमाणपत्राच्या पाटीवर नसतो. अर्जात ज्ञात डायचा क्रमांक तुम्हीच लिहा, आणि सोबत दुहेरीपणाची जागा एका ओळीत सांगा.

पाठवण्याच्या आदल्या दिवशी नाणे पुन्हा एकदा दिव्याखाली फिरवा, त्याच सालाचे साधे नाणे शेजारी ठेवून. पाकिटावर पेन्सिलीने लिहा, आणि ते नाणे आत ठेवण्याआधी लिहा, म्हणजे दाब त्याच्यावर पडणार नाही : साल, चिन्ह, वजन, पुढील की मागील बाजू, कोणती अक्षरे, कोणत्या दिशेला, चिन्ह एक की दोन, खाच दिसते की नाही. यातला एखादा रकाना कोरा राहिला, तर पाकीट अजून बंद करू नका. भिंग पुन्हा हातात घ्या.